दावे आणि छप्पर

दिवाळी झाली, सुगी खळ्यावर आली आणि पहाटे पायाशी पडलेले पांघरूण अंगावर ओढावेसे वाटू लागले, की आपल्या सीमाभागातील शेतकरी घरात एक प्रश्न हळूच येऊन बसतो. थंडीचे हे दोन-अडीच महिने जनावरे आत बांधायची की बाहेर? निपाणीच्या माळावर याचे उत्तर एक मिळेल, खानापूरच्या रानात दुसरे. कुणी म्हणेल, मुके झाले म्हणून काय झाले, त्याला थंडी वाजत नाही का? कुणी म्हणेल, जनावराची जातच उघड्यावरची, त्याला कोंडून कशाला मारता? गंमत अशी की दोघेही जनावराच्या बाजूनेच बोलत असतात आणि दोघांनीही जनावराला विचारलेले नसते.

हा प्रश्न पशुवैद्याच्या गळ्यात घालून मोकळे होता येईल. परंतु मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. ज्याला आपण बांधले त्याचे आपण काय लागतो, हे त्यात विचारलेले आहे. वाघाला थंडी वाजते की नाही याची जबाबदारी कुणावर नाही. म्हशीला वाजत असेल तर ती माझ्यावर आहे, कारण दाव्याची गाठ माझ्या हातची आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. भाषेच्या मास्तराची खोड म्हणून वाचकांनी ते चालवून घ्यावे. 'गोठा' हा शब्द संस्कृत 'गोष्ठ' या शब्दावरून आला. गाई जिथे थांबतात ती जागा म्हणजे गोष्ठ. तिथे माणसे जमू लागली, बोलू लागली, आणि त्या जमण्याला 'गोष्ठी' म्हणू लागले. आपली 'गोष्ट' तिथून आली. म्हणजे गोठा आणि गोष्ट ही एकाच घरची भावंडे. आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा 'कोट्टिगे' हा शब्दही कानाला किती जवळचा लागतो! त्यांच्याकडे आणखी एक शब्द आहे, 'हट्टी'. जनावरांचा वाडा किंवा गवळ्या-धनगरांची वस्ती. बेळगाव तालुक्यातील बोडकेनहट्टीसारख्या कित्येक गावांच्या नावाअखेर तो बसलेला आहे. आणि दिवाळीच्या पाडव्याला धारवाड-हावेरीकडची मंडळी 'हट्टी हब्ब' म्हणतात, म्हणजे गोठ्याचा सण. त्या दिवशी ते शेणाचे पांडव मांडतात. आपल्याकडे कोल्हापूर-निपाणीच्या बाजूला शेणाच्या गवळणी आणि पांडव होतात. तेच शेण, तीच फुले, तोच उंबरा. बोलीभाषा वेगळी, एवढेच. वसुबारसेला गाय-वासराची पूजा आणि पाडव्याला शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून म्हशींची मिरवणूक, हे बेळगावच्या गवळी गल्लीने आणि कोल्हापूरने आजवर सोडलेले नाही. सणावारी जनावराला आपण इतके मानतो. प्रश्न उरतो तो उरलेल्या दिवसांचा, आणि विशेषतः रात्रींचा.

आपल्याकडची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल. पुढच्या दारातून आत शिरले की एका अंगाला गोठा आणि दुसऱ्या अंगाला सोपा. मध्ये कमरेएवढी भिंत किंवा नुसती एक पायरी. गव्हाणीत वैरण टाकायला बाहेर जावे लागत नसे. माणसांचे आणि जनावरांचे दार एकच. रात्री जागा झालेला म्हातारा अंथरुणातूनच म्हशीला 'हं, हं' करी आणि ती शांत होई. थंडीत त्या दहा-बारा जिवांची ऊब सगळ्या घराला पुरत असे. खानापूर-चंदगडकडे पावसामुळे आणि वाघरांच्या भीतीने, तर निपाणी-चिकोडीकडे चोरांच्या भीतीने ही पद्धत पडली असावी. पण कारण काहीही असो, छप्पर एक होते.

या घरांविषयी गहिवरून लिहिण्याची आपल्या दिवाळी अंकांत एक प्रथाच आहे. ती मी पाळणार नाही. त्या घरांत धूर होता, माशा होत्या, आणि दार लावून घेतले की मुतारीचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास होता. तो वास म्हणजे अमोनिया वायू. शेण-मूत कुजताना तो सुटतो, आणि बंद गोठ्यात साठला की जनावराच्या श्वासनलिकेला इजा करतो. पहाटे खोकणारे वासरू थंडीनेच खोकते असे समजून आपण उरलेली खिडकीही पोत्याने बुजवत होतो, म्हणजे रोग वाढवत होतो. माणसाच्या मुलांनाही तीच हवा मिळत होती. क्षय आणि सांसर्गिक गर्भपात यांसारखे काही रोग जनावरांकडून माणसांकडे येऊ शकतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आणि पहाटे उठून ते शेण काढणारे हात कुणाचे असत, हेही एकदा स्पष्ट म्हटले पाहिजे. जनावरे घरात ठेवण्याचा मोठेपणा पुरुषाकडे आणि शेणाची पाटी बाईच्या डोक्यावर, अशी ती वाटणी होती.

आता थंडीचे पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारणपणे चौदा-पंधरा अंशांच्या आसपास उतरते, एखादी रात्र दहाच्या खाली जाते. आपल्याला हुडहुडी भरते. पण गाय-म्हैस हे रवंथ करणारे जनावर आहे. तिच्या पोटात वैरण आंबत असते आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघत असते. पोटभर कडबा खाल्लेल्या, अंगाने कोरड्या आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या थोराड जनावराला आपली थंडी सहज सोसते. म्हशीचे केस विरळ असतात, म्हणून तिला गाईपेक्षा थोडे जास्त जपावे लागते. पण तिला खरा त्रास उन्हाळ्याचा, कारण तिला घाम फार कमी येतो. तिला जे बाधते ते तीन गोष्टींनी : ओली जमीन, थेट अंगावर येणारा वारा आणि रिकामे पोट. आपल्याकडे डिसेंबरातला वारा उगवतीकडून येतो. त्या अंगाला तुरकाट्यांचा कूड उभा केला आणि खाली कोरडे पाचट पसरले तर निम्मे काम झाले. चार भिंती लागत नाहीत.

वासराचे मात्र वेगळे. नुकत्याच जन्मलेल्या रेडकाचे अंग ओले असते, पोटात अजून आंबवण नसते. त्याला पुसून कोरडे करणे, पहिल्या काही तासांत चीक पाजणे आणि आडोसा देणे हे त्याच्या जिवाचे काम आहे. आणि इथेच आपल्या साऱ्या भूतदयेची परीक्षा होते. रेडकू मादी असेल तर पोते पांघरले जाते, गूळ-पाणी होते. नर असेल तर? दुभत्या गाईच्या लाथा गोड असे आपण म्हणतो, मग जो कधीच दूध देणार नाही त्याचे हंबरणेही कडू लागते. चीक काढून घेतला जातो आणि रेडा गोठ्याच्या कोपऱ्यात, बहुधा दाराजवळच्या वाऱ्यात, 'थंडीने' मरतो. गावोगाव हे घडते, आणि कुणी कुणाला दोष देत नाही. मी याला थंडी म्हणायला तयार नाही. म्हैस आत की बाहेर यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी हा कोपरा पाहावा.

कायद्याने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू फार पूर्वी ओळखल्या आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला केंद्रीय कायदा १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला पुरेसा चारा, पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हा आहे, आणि त्याच कलमात अवाजवी आखूड वा अवाजवी जड साखळीने किंवा दोरीने त्याला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. म्हणजे छप्पर नसणे हा अपराध आणि दावे आखूड असणे हाही अपराध. आता आपल्या गावातल्या दाव्यांची लांबी आठवा! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, २०२३ साली घटनापीठाने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. या नऊ वर्षांत आपण त्यावर किती बोललो, किती मोर्चे काढले. बैल एका दिवशी पळतो ते योग्य की अयोग्य यावर एवढा खल झाला. पण म्हैस वर्षभर हातभर दाव्यावर उभी असते, तिला मान वळवून स्वतःची पाठ चाटता येत नाही, यावर एखादा तरी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही.

इंग्लंडमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन या बाईंनी कोंडून ठेवलेल्या कोंबड्या-वासरांच्या जिण्यावर पुस्तक लिहिले. त्याने इतकी खळबळ उडाली की सरकारला प्राध्यापक ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९६५ सालच्या तिच्या अहवालाने म्हटले की पाळीव जनावराला निदान उठता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग चाटता यावे आणि हातपाय ताणता यावेत. किती साधी मागणी! त्या विचारातूनच पुढे डुकरिणींना वळताही येणार नाही अशा पिंजऱ्यांवर ब्रिटनने १९९९ साली बंदी आणली आणि २०१३ पासून युरोपीय संघाने त्यांच्यावर मोठे निर्बंध घातले. पण या समितीची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कोंबड्यांच्या पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी वापरू नये, ती पायांना टोचत असेल, असे समितीच्या विद्वान आणि खरोखर दयाळू सभासदांना वाटले. त्यांनी तशी शिफारस केली. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी सरळ कोंबड्यांनाच विचारले, म्हणजे निरनिराळ्या जाळ्या शेजारी-शेजारी अंथरल्या आणि त्या कुठे जाऊन उभ्या राहतात ते पाहिले. कोंबड्यांनी समितीने नाकारलेली षट्कोनी जाळीच पसंत केली. दया पुष्कळ होती, पण विचारणे राहून गेले होते.

म्हशीलाही असे विचारता येते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. गोठ्याचे दार उघडे ठेवावे, दावे सोडावे, अंगणाला कुंपण घालावे आणि रात्री दोनदा उठून पाहावे. महाराष्ट्रात 'मुक्तसंचार गोठा' म्हणून जी पद्धत गेल्या काही वर्षांत रुजली ती याहून वेगळी नाही. थोडे छप्पर, बाकी मोकळे कुंपण, पाण्याची टाकी सदा भरलेली. जनावर हवे तेव्हा उन्हात बसते, हवे तेव्हा सावलीत येते. दूध वाढते, माज ओळखू येतो, खुरांची दुखणी कमी होतात, असे ती करणारे सांगतात. मला त्यात दुधापेक्षा दुसरे काही दिसते. आत की बाहेर हे ठरवण्याचा अधिकार तिथे निदान काही अंशी ज्याचा त्याला परत मिळाला आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. दोन गुंठ्यांच्या परसात दोन म्हशी बांधणाऱ्याने कुंपण कुठे घालायचे? रात्री टेंपो आणून जनावरे उचलणाऱ्यांना उघडे दार म्हणजे आमंत्रणच. २०२२ साली लम्पी आला तेव्हा डास-माश्यांपासून जनावराला वाचवायचे कसे, या धास्तीने लोकांनी रात्ररात्र गोठ्यात धूर केला. शिवाय जनावराला बिबट्या कळतो, पण कुंपणापलीकडचा हिरवा शाळू खाल्ल्यावर काय होईल ते कळत नाही. मुलांना शाळेत आणून बसवणाऱ्या आमच्यासारख्याने तरी 'ज्याला जे आवडेल ते' हे तत्त्व सरसकट सांगू नये. तेव्हा निवड हे सगळे उत्तर नाही. परंतु बंधन घालताना ते कुणाच्या भल्यासाठी घातले, हे प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे. चोराच्या भीतीने दार लावले तर ते माझ्या मालमत्तेसाठी लावले, म्हशीच्या थंडीसाठी नव्हे. एवढे कबूल केले की मग निदान खिडकी उघडी ठेवण्याचे तरी सुचते.

धनगराकडे पाहिले की मला हा प्रश्न वेगळ्याच अंगाने दिसू लागतो. पिके निघाल्यावर आपल्या शेतांत 'बकरी' बसवतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मेंढरांनाही बकरीच म्हणतात. वाघर लावून शे-दोनशे मेंढरे रात्रभर एका जागी बसतात, लेंड्या-मुताने रान खतावते, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. यातील कित्येक धनगर एका श्वासात कन्नड आणि दुसऱ्यात मराठी बोलतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवावर भंडारा उधळताना कोण कुठल्या भाषेचा हे कळायची सोयच नसते. ऐन थंडीत ही मेंढरे उघड्या आभाळाखाली असतात. त्यांच्या अंगावर लोकर असते, ती एकमेकांना चिकटून बसतात, त्यांना बाधत नाही. नुकती जन्मलेली कोकरे डालग्याखाली झाकली जातात. पण मला दिसते ते हे की मेंढपाळही तिथेच, त्याच ओल्या दवात, त्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी पांघरून निजलेला असतो. त्याची बायको-मुले तिथेच. मेंढरांना बाहेर ठेवणे योग्य की अयोग्य हे तो आपल्याशी वाद घालून ठरवत नाही. जी रात्र त्यांची तीच त्याची.

म्हणजे जुन्या घरात दोघे आत होते आणि धनगराच्या तळावर दोघे बाहेर आहेत. छप्पर कुणाला आणि आभाळ कुणाला, अशी फाळणी या दोन्ही ठिकाणी नाही.

मात्र जुन्या घराच्या त्या एकच दाराविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या उंबऱ्यावरून म्हैस शेणाचे पाय घेऊन आत येत होती, त्या उंबऱ्यावरून गावातली काही माणसे आत येऊ शकत नव्हती. त्यांच्यातल्या कुणी तीच म्हैस राखली, वैरण आणली, मेल्यावर ओढून नेली, पण पावसाथंडीत तो उभा राहिला तो बाहेर. १९२५ साली निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, दोन वर्षांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. जनावराला जे पाणी चालते ते माणसाला का चालत नाही, हा त्या वेळचा सवाल होता. तो घराच्या दारालाही तितकाच लागू होता. आणि जनावरांतही आपण जाती केल्याच. गाय-म्हैस पवित्र म्हणून तिला छप्पर आणि दावे. डुक्कर अपवित्र म्हणून त्याला दावे नाही आणि छप्परही नाही. बेळगावच्या गटारांतून हिंडणाऱ्या डुकराला थंडी वाजते का, हा प्रश्न कुणाला कधी पडला? वास्तविक डुकराच्या पिलांना थंडीचे भय वासराहूनही जास्त. जन्मतः त्यांना तीस अंशांहून अधिक ऊब लागते. डुकरीण विण्याआधी काटक्या, गवत, हाती लागेल ते गोळा करून स्वतःच घरटे करते. ती प्लास्टिकच्या पिशव्या ओढत नेताना दिसते तेव्हा लोक नाक दाबतात, पण ती बाळंतिणीची खोली रचत असते. डुकरे पाळणाऱ्यांची वस्तीही आपण गावकुसाबाहेरच ठेवली. जे जनावर बाहेर, त्याचा माणूसही बाहेर.

आज सोपे आणि माजघरे पाडून स्लॅबची घरे झाली. फरशी आली. फरशीवर म्हशीचा पाय घसरतो, आणि पाहुण्यांना वासही येतो. म्हणून गोठा मळ्यात गेला. आरोग्याच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मळ्यात गोठा म्हटले की रात्री कुणीतरी सोबतीला हवे. तरुण मुलगा सकाळच्या बसने एमआयडीसीत जातो. सुनेने तिथे निजावे असे कुणी म्हणत नाही. मग उरतो तो म्हातारा. 'त्यांना तिकडेच बरं वाटतं, जनावरांची सवय आहे,' असे घरोघर ऐकू येते. वाक्य ओळखीचे वाटते का? जनावराची जातच उघड्यावरची, असे आपण म्हणत होतो ते हेच वाक्य. म्हाताऱ्याला खरोखर बरे वाटतही असेल. मी अशा काहींशी बोललो आहे, त्यांना म्हशीच्या रवंथाचा आवाज नसला तर झोप येत नाही. पण दार उघडे ठेवून त्यांना विचारले गेले होते का? निपाणीकडे तंबाखूच्या बोदांना वखार असते, पक्की, दवाचा थेंब लागू न देणारी. त्याच मळ्यात पत्र्याखाली बाज टाकून निजणाऱ्याच्या अंगावर पहाटे पत्र्याचे पाणी ठिबकत असते.

आणि या दिवसांत आपल्या भागात आणखी कुणी येते. कारखान्यांचे पट्टे फिरू लागले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाची किंवा प्लास्टिकची कोपी, बाहेर गाडीला बांधलेले बैल, आत तान्ही मुले. बैलांच्या अंगावर झूल टाकलेली मी पाहिली आहे, कारण बैल आजारी पडला तर गाडी थांबते आणि उचल अंगावर राहते. रेडकाला पांघरूण आणि रेड्याला वारा या हिशोबाचाच हा भाग. आपण सकाळी त्या तळावरून फिरायला जातो आणि घरी येऊन म्हणतो, यंदा थंडी चांगली पडली, शाळवाला पोषक आहे.

आमच्या गावात सध्या चार घरांची बांधकामे चालू आहेत. शिक्षक म्हणून नकाशे दाखवायला लोक आणतात, कुणाला वास्तूविषयी काही विचारायचे असते, कुणाला कर्जाच्या अर्जावर सही हवी असते. मोटारसायकलची जागा सगळ्यांत दाखवलेली आहे. म्हशीसाठी जागा काढ असे गवंड्याला सांगणारा मला अजून भेटायचा आहे. वडिलांची खोली मात्र हल्ली दोन नकाशांत दिसली. दोन्हींत ती जिन्याखाली आहे.